मिलिमीटरकाकू

"काकू, उद्या पाऊस पडेल का हो?" हा प्रश्न आमच्या सोसायटीत ज्याने ज्याने विचारला, त्याला एकच उत्तर मिळालं. काकू चष्मा कपाळावर सारायच्या, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "कालचा सांगते. चौतीस पूर्णांक दोन." विचारणारा वैतागायचा. "कालचा आम्हालाही माहीत आहे. भिजलो ना आम्ही!" त्यावर काकू शांतपणे विचारायच्या, "भिजलात, म्हणजे किती?"

तेवढ्यात लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबायची, काकू उतरायच्या, आणि आत राहिलेले लोक एकमेकांकडे बघून हसायचे. विरार पश्चिमेला खाडीच्या अंगाला भराव टाकून उभ्या राहिलेल्या आमच्या त्या चार इमारतींत त्यांना मिलिमीटरकाकू हे नाव कुणी दिलं, ते सांगता येत नाही. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची त्यावर एकच तक्रार होती. "नाव चांगलं आहे, पण लोक 'मिलि' दीर्घ लिहितात."

काकू मूळच्या माणदेशातल्या. तिकडे पाऊस इतका कमी की तो माणसांसारखा लक्षात राहतो. "अमक्याच्या लग्नाला आला होता" असं तिथे पावसाबद्दल बोलतात, असं त्या सांगायच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. परीक्षा देऊन एका सरकारी कचेरीत लागल्या. गावोगावची माणसं रोज सकाळी पाऊस मोजून आकडा पोस्टकार्डावर लिहून पाठवत, तो आकडा मशीनवर चढवायचा, हे त्यांचं काम. पुढे पोस्टकार्डं गेली, मशीनं बदलली, काकू त्याच खुर्चीत राहिल्या. एकतीस वर्षं. त्या आकड्यांचं पुढे काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. "एकतीस वर्षं नुसती भाजी चिरली," त्या म्हणायच्या. "फोडणी कुणी दिली, जेवलं कोण, काही माहीत नाही."

निवृत्तीनंतर विरारला येऊन त्यांनी जुना संगणक विकत घेतला आणि तो सुरू होईना म्हणून मला बोलावलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, शिवाय ऑफिसात दिवसभर तक्ते भरतो, त्यामुळे सोसायटीत मी 'कॉम्प्युटरमधला' समजला जायचो. मी तो बंद करून पुन्हा चालू केला. तेवढ्यावर त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, आणि पुढे त्याची मला बरीच किंमत द्यावी लागली.

त्यांना कुठून तरी कळलं होतं की जगभरच्या हवामानाचे आकडे आता इंटरनेटवर फुकट ठेवलेले असतात, आणि ते उघडून बघायची सॉफ्टवेअरंही काही शास्त्रज्ञ मंडळींनी फुकट करून ठेवली आहेत. "फुकट?" मी म्हणालो. "मग त्यात काहीतरी गोम असणार." गोम होती. ती फाईल साध्या फाईलीसारखी उघडत नसे. दुहेरी टिचकी मारली की संगणक 'ही वस्तू कशाने उघडू?' असं विचारून गप्प बसायचा. तिच्या पोटात वर्षं, दिवस, तास, अक्षांश, रेखांश, उंची असे डबे एकात एक रचलेले असत आणि प्रत्येक डबा हुकूम टाईप करून उघडावा लागे. मी दोन रविवार झटलो आणि पाठदुखीचं कारण सांगून सुटलो. काकू वही घेऊन बसल्या. रोज एक हुकूम पाठ करायचा, तो चुकला की यंत्र जे लाल अक्षरांत बोलेल ते वहीत उतरवून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ लावायचा. चार महिने हे चाललं. मग एके दिवशी सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. हातात पेढ्यांचा पुडा.

"कुणाकडे काय झालं?" माझ्या बायकोने विचारलं.

"नकाशा उघडला," काकू म्हणाल्या. "भारत दिसला. त्यावर पाऊस दिसला." मग पुडा पुढे करत म्हणाल्या, "माझ्या वेळचा होता हो. मी चढवलेला."

आम्ही पेढे खाल्ले. बायको नंतर म्हणाली, "बाई एकट्या असतात ना." आम्हाला दोघांनाही हा खुलासा पुरेसा वाटला.

हे सॉफ्टवेअर बनवणारे लोक परदेशातले. अडलं तर त्यांना एका जाहीर फळ्यावर प्रश्न विचारता येई. त्यासाठी खातं मीच उघडून दिलं आणि नावाच्या जागी घाईत 'काकू' असं टाईप केलं. काकूंच्या प्रत्येक प्रश्नाची सुरुवात कचेरीच्या सवयीने 'आदरणीय महोदय' अशी असे आणि शेवटी 'आपली विश्वासू'. तिकडून उत्तर यायचं, 'डिअर काकू'. जगाच्या त्या कोपऱ्यात कुणाला काकू म्हणजे काय ठाऊक असणार? पण सहा महिन्यांत त्यांच्याइतक्या आदराने कुणी काकूंशी बोलत नव्हतं, आमच्या सोसायटीत तर नाहीच. त्याला कारणही घडलं. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. ते सॉफ्टवेअर मात्र दिवस विलायतेच्या घड्याळाने कापत होतं. 'आपण आमचा पाऊस चुकीच्या तारखेला पाडत आहात,' असं काकूंनी लिहिलं, सोबत तेरा उदाहरणं. पंधरा दिवसांनी नवी आवृत्ती आली. ती सुधारायला मदत करणाऱ्यांच्या यादीत बारा नावं होती, अकरा आडनावासकट आणि बारावं नुसतं 'काकू'. मी ते ग्रुपवर टाकलं. सात जणांनी अंगठा दाखवला आणि एकाने विचारलं, "टाकी कधी धुणार?"

पण जगाच्या नकाशावर त्यांचं समाधान झालं नाही. त्या नकाशात जमीन चौकोनांत कापलेली असते आणि एका चौकोनाला एकच आकडा मिळतो. "बघा सेक्रेटरी," त्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "अख्खं वसई-विरार एका चौकोनात बसलंय. होळी गावच्या केळीच्या बागा, कामणची गोदामं, आपली लिफ्ट, सगळ्यांना सारखाच पाऊस. असं असतं का कुठं?" मग त्यांनी स्वतःच माणसं जमवायला सुरुवात केली. सरबताची प्लास्टिकची बाटली मानेजवळ कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा, बाजूला पट्टी चिकटवायची. अशा अकरा बाटल्या अकरा घरांवर गेल्या. होळीच्या बाजारात भाजी घेता घेता त्यांनी दोन बागवाल्यांना पटवलं. आमच्या इमारतीमागच्या बैठ्या चाळीत रजनी नावाची शिवणकाम करणारी बाई होती, तिच्या पत्र्यावर एक लागली. एक आमच्या गच्चीवर. आणि एक कामणला हरीभाऊंच्या अंगणात.

हरीभाऊ भातशेती करणारे, साठीचे, बोलायला मोकळे. काकूंची आणि त्यांची पहिली ओळख भांडणाने झाली. ते तीन दिवस मुलीकडे गेले होते आणि आल्यावर त्यांनी तिन्ही दिवसांपुढे शून्य लिहून पाठवलं. काकूंनी फोन लावला. मी समोरच होतो.

"हरीभाऊ, सोमवारी शून्य?"

"मी घरी नवतो ना बाय."

"मग शून्य कसं लिहिलंत? शून्य म्हणजे तुम्ही बघितलं आणि पाऊस नव्हता. बघितलंच नाही तर जागा रिकामी ठेवायची. रिकामं चालतं. खोटं शून्य चालत नाही."

 पलीकडून आवाज आला, "माझ्या बापानं पन कधी एवढा हिशेब इचारला नाय."

पण हाच माणूस पुढे काकूंच्या एक पाऊल पुढे गेला. त्यांच्या खाचराच्या वरच्या अंगाला कुणीतरी गोदामासाठी मोठा भराव केला होता. त्यांनी बांधावर एक बांबू रोवला, त्यावर रंगाने इंचांच्या खुणा केल्या आणि काकूंना सांगितलं, "पाऊस किती परला ते तुमी मोजता. पानी किती थांबलं ते कोन मोजनार?" काकू दोन दिवस जुन्या वह्या चाळत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "एकतीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही."

मग अकराही ठिकाणी पट्ट्या रंगवल्या गेल्या. आमच्या फाटकाच्या खांबावरची मी स्वतः रंगवली, समारंभ करून, फोटो काढून. सोसायटीने 'आम्ही पाऊस मोजतो' असा फलक लावला, त्यावर काकूंपेक्षा माझं नाव मोठं होतं. एका पावसाळ्यात काकूंनी पाऊस, थांबलेलं पाणी आणि जमिनीचा चढउतार हे तिन्ही एकावर एक ठेवून नकाशा केला आणि त्याचा दुवा कुणालाही उघडता येईल असा ठेवला. जितकं पाणी खोल, तितका निळा गडद. आमच्या खजिनदारांनी सुचवलं, "लाल करा ना. टीव्हीवर लाल असतं." काकू म्हणाल्या, "तुमच्या नळाला लाल येतं का?"

आता माझ्या भिंतीबद्दल सांगायला हवं. सेक्रेटरी झाल्यावर मी पहिलं मोठं काम केलं ते मागच्या बाजूची भिंत. तिथे आधी तारेचं कुंपण होतं आणि पावसात चाळीकडचं पाणी आमच्या आवारातून वाहत पुढच्या नाल्याला जायचं. मी नऊ इंची पक्की भिंत बांधून घेतली, खालची मोरीही बुजवली. नारळ फोडला. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आमच्या पार्किंगमध्ये मागून पाणी आलं नाही, पुढच्या रस्त्यावरून येई तेवढंच. गेलेलं पाणी कुठे गेलं, हा प्रश्न मला पडला नाही. आपल्याकडे येईनासं झालं म्हणजे ते नाहीसं झालं, असं मी धरून चाललो होतो.

काकूंचा नकाशा झाला त्याच सुमारास मी माझी सदनिका विकायला काढली. मुलगी मोठी झाली होती, एक खोली जास्त हवी होती. एक गिऱ्हाईक जवळजवळ पक्कं झालं. आणि शेवटच्या भेटीत त्या गृहस्थाने खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. काकूंचा नकाशा! आमच्या इमारतींवर निळा ठिपका, तोही चांगला गडद. "इथे नऊ इंच दाखवतंय," तो म्हणाला. मी म्हणालो, "ते हौशी लोकांचं काम आहे हो." तो म्हणाला, "खाली मोजणारा म्हणून तुमचंच नाव आहे." गिऱ्हाईक गेलं.

त्याच संध्याकाळी मी काकूंकडे गेलो. वाटेत तयार केलेलं भाषण केलं. सोसायटीचं हित, अर्धवट माहितीचे धोके, वगैरे. शेवटी म्हणालो, "आपला एवढा एक ठिपका काढता येईल का?"

मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी खुर्ची सरकवून मला जागा दिली. "येईल की. एक ओळ आहे. तुम्हीच पुसा. मी दाखवते. शून्य मात्र लिहायचं नाही, रिकामं ठेवायचं."

मी बसलो. त्यांनी सांगितलेली ओळ शोधली, पुसली आणि नकाशा पुन्हा काढायचा हुकूम दिला. पडद्यावर क्षणभर चाक फिरलं आणि नवा नकाशा आला. आमच्या इमारती आता आधीपेक्षा गडद होत्या. जवळजवळ काळ्या.

"हे काय झालं?"

"रिकामी जागा तो शेजाऱ्यांवरून भरतो," काकू म्हणाल्या. "तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर त्याने शेजारी बघितले. तुमचा सगळ्यांत जवळचा शेजारी कोण? मागची चाळ. तिथे बावीस इंच थांबतं."

"बावीस? तिथे बावीस कसं?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं.  त्यांनी भिंतीचं नाव घेतलं असतं तर मी वाद घातला असता. मी पडद्यावरच्या त्या दोन ठिपक्यांमधली जागा बघत राहिलो. नकाशात भिंत दाखवलेली नव्हती, तरी ती मला स्पष्ट दिसत होती.

"आता चाळीचाही पुसा," त्या म्हणाल्या. "मग तो होळीकडे बघेल."

मी आमची ओळ पुन्हा लिहिली आणि घरी गेलो. माझं मन तिथेच पालटलं असं लिहायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी सर्वसाधारण सभा बोलावली. तिथे सगळ्यांना एकदम समजलं की आपल्या घरांची किंमत एक म्हातारी बाटलीने मोजते आहे. ज्यांनी पेढे खाल्ले होते तेही बोलले. "पाणी भरतं हे आपण नाकारत नाही, पण जगाला कशाला सांगायचं?" नकाशा बंद करावा असा ठराव आला. काकू उठून म्हणाल्या, "आतापर्यंत चाळीस-एक जणांनी तो उतरवून घेतलाय. वाटलेलं परत कसं मागणार? हळदीकुंकवाचं वाण कुणी परत मागतं का?" मग दुसरा ठराव आला : सामाईक गच्चीवर घरगुती वापराव्यतिरिक्त कोणतंही उपकरण ठेवू नये. तो बहुमताने मंजूर झाला. इतिवृत्त मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी काकूंनी गच्चीवरची बाटली उतरवली आणि वळसा घालून मागच्या चाळीत नेऊन रजनीच्या बाटलीशेजारी ठेवली. "एकीचा दुसरीशी ताळा राहील," एवढंच म्हणाल्या. त्यांनी माझ्याशी बोलणं मुळीच सोडलं नाही, हे मला सगळ्यांत जड गेलं. लिफ्टमध्ये भेटल्या की आधीसारखंच कालचा आकडा सांगायच्या.

पुढच्या पावसाळ्यात, जुलैतल्या एका दिवशी, सकाळपासून धरलेला पाऊस दुपारी भरतीला गाठून पडला. मी घरीच होतो. तीनच्या सुमारास बेल वाजली. काकू दारात, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, छत्रीतून पाणी गळतंय. हातात वही, प्लास्टिकच्या पिशवीत.

"सेक्रेटरी, लिहून घ्या. आपल्या फाटकाला दोन इंच. भिंतीपलीकडे चोवीस. दर दहा मिनिटांनी एक इंच वाढतंय."

"काकू, मी काय करू शकतो? समितीची मंजुरी..."

"समिती बोलवा ना. मी थांबते. तोवर पाणीही थांबतं का ते विचारा."

माझ्या बाल्कनीतून चाळ दिसत नाही. ती दिसू नये म्हणूनच आम्ही मागच्या बाजूची सदनिका घेतली नव्हती. मी काकूंबरोबर जिन्याने गच्चीवर गेलो आणि कठड्यावरून खाली बघितलं. रजनीने शिवणयंत्र खाटेवर चढवलं होतं आणि ती स्वतः त्याच्याशेजारी बसली होती, मांडीवर शेजारणीची दोन मुलं. एक गॅसचा सिलिंडर दारातून हळूहळू बाहेर तरंगत येत होता आणि एक म्हातारा तो काठीने परत आत ढकलत होता. कुणी ओरडत नव्हतं. दरवर्षीची सवय असल्यासारखं सगळं चाललं होतं. म्हणजे भिंत झाल्यापासून.

मी खाली आलो, वॉचमनला पहार आणायला सांगितली. त्याने विचारलं, "साहेब, लेखी द्या." काकूंनी वहीचं पान फाडून दिलं, मी त्यावर लिहिलं आणि सही केली. मग आम्ही दोघांनी माझी भिंत फोडायला सुरुवात केली. बांधकाम उत्तम होतं. त्याची देखरेख मीच केली होती. अर्धा तास एक वीट हलेना. पलीकडून चाळीतले दोघे घण घेऊन आले, तेव्हा कुठे मोरीच्या जागची पहिली वीट सुटली आणि पाणी असं आलं की वॉचमन बसलाच. तीन फुटांचं भगदाड झालं. काकू फाटकाच्या खांबाशी छत्री धरून उभ्या, फोन कानाला, पलीकडे रजनी खाटेवरून पट्टीवरची खूण वाचतेय. आणि काकू मोठ्याने : "तिकडे एकवीस, इकडे सहा... तिकडे सतरा, इकडे आठ..."

वरच्या खिडक्यांतून माझं नाव घेतलं जात होतं. पार्किंगमधल्या गाड्यांत पाणी शिरत होतं. पहिली माझी होती.

साधारण तासाभराने काकूंनी वही मिटली. "दोन्हीकडे अकरा," त्या म्हणाल्या. मी आयुष्यात एवढा खरा आकडा ऐकलेला नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. खास सभा भरली, मला सेक्रेटरीपदावरून दूर केलं, नुकसानीची चौकशी नेमली. महापालिकेच्या कचेरीतून एक इंजिनिअर पाहणीला आले. त्यांनी काकूंच्या पडद्यावरचा नकाशा बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर?" काकू म्हणाल्या, "फुकटचं आहे." ते म्हणाले, "मग फाईलला लावता येणार नाही." पण जाताना त्यांनी दुवा लिहून घेतला. त्यानंतर वर्षभराने भिंतीखालून मोठी मोरी आणि पुढे नाल्यापर्यंत गटार झालं. भगदाड मात्र कुणी बुजवलं नाही. कारण सोसायटीच्या मंडळींना शोध लागला होता की तिथून भाजीबाजार पाच मिनिटांवर येतो. बुजवायचा ठराव आला, तेव्हा सगळ्यांत जोरात विरोध खजिनदारांनी केला.

माझी सदनिका विकली गेली नाही. आम्ही तिथेच, त्याच खोल्यांत राहिलो. मुलगी हॉलमध्ये अभ्यास करून पास झाली.

काकूंचे गुडघे गेले तेव्हा त्या माणदेशात भाच्याकडे जायला निघाल्या. संगणक रजनीला दिला, वह्या मला. हुकूम कुठल्या वहीत आहेत, हे समजावून सांगताना अडीच तास गेले. मी मधेच म्हणालो, "काकू, त्या ठरावाबद्दल मला..." त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. "हे पान नीट बघा. इथे स्वल्पविराम राहिला की सगळं अडतं." मला माफी मागायची होती, त्यांना स्वल्पविरामाची काळजी होती. मी स्वल्पविराम लिहून घेतला.

तिकडे गेल्यावर त्या फोन करायच्या, आमचे आकडे तपासायच्या, चुका काढायच्या. मग फोन कमी झाले. दीड वर्षाने भाच्याचा फोन आला की काकू गेल्या, झोपेत, त्रास झाला नाही.

आम्ही तिघे दहाव्याला गेलो. मी, रजनी आणि हरीभाऊ. हरीभाऊ कामणहून पहाटे निघाले होते, धुतलेला सदरा, हातात घरच्या तांदळाची पिशवी. गाव सगळं पिवळं आणि उघडं. विधी झाल्यावर आम्हाला देवळाच्या पारावर बसवलं. गावातली पाच-सहा माणसं समोर बसली. विरारहून इतक्या लांब तीन परकी माणसं का आली, याचं त्यांना नवल होतं. एका फेटेवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "आमची ही तिकडं काय करत हुती? कुणी म्हणतं कचेरीत हुती, कुणी म्हणतं कॉम्प्युटरात."

मी सुरुवात केली. जगाचे आकडे कसे फुकट मिळतात, ती फाईल कशी उघडत नाही, चौकोन कसे असतात, रिकामी जागा कशी भरते. त्या परदेशी यादीतलं नावही सांगितलं. मी दहा मिनिटं बोललो असेन आणि मला वाटतं चांगलं बोललो. लोक मान हलवत होते, जशी पाहुण्याच्या भाषणाला हलवतात. रजनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी थांबल्यावर म्हाताऱ्याने हरीभाऊंकडे बघितलं. "म्हंजी नेमकं काय?"

हरीभाऊंनी घसा साफ केला.

"त्या आमचं पानी बघायच्या," ते म्हणाले.

 म्हातारा उठला, स्वतःच्या खालचं घोंगडं काढून त्याने आमच्यासमोर अंथरलं आणि म्हणाला, "पानी बघणारीची मानसं तुमी, मग असं उघड्या दगडावर का बसलाय? ह्यावर बसा."